जुनी जीप ब्रेक मारताच एका बाजूला का ओढते?

रस्ता सरळ, वेग ताशी चाळीस. समोर काहीतरी आलं म्हणून ब्रेकवर पाय दिला आणि गाडीचं तोंड उजवीकडे वळायला लागलं. स्टीअरिंग घट्ट धरून गाडी सरळ ठेवली, पण छातीत धडधड उरली. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली जुनी फोर बाय फोर ज्याच्याकडे आहे, त्याला हा अनुभव बहुधा नवा नसेल.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला असतो, ‘उजवीकडे ओढतेय ना, मग उजव्या चाकाचा ब्रेक थोडा ढिला करा.’ हा सल्ला चुकीचा आहे आणि धोक्याचाही आहे. का, ते नीट समजलं तर दुरुस्तीचा अर्धा रस्ता तिथेच पार होतो. म्हणून आधी ब्रेकच्या आत काय चालतं ते पाहू, पाना नंतर हातात घेऊ.

दाब सगळीकडे सारखाच

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल पाइपांमधून चारही चाकांकडे ढकललं जातं. प्रत्येक चाकाच्या बॅक प्लेटवर एक व्हील सिलिंडर असतो. त्यातले दोन पिस्टन बाहेर सरकतात आणि दोन अर्धगोल शूंना चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आतल्या भिंतीवर दाबतात. बंदिस्त द्रवातला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा शाळेत शिकलेला नियम इथे कामाला येतो. डाव्या चाकाला जितका दाब, तितकाच उजव्याला. वाटेत कुठे अडथळा नसेल तर यात भेदभाव होऊच शकत नाही.

आता ढिल्या केलेल्या शूचा विचार करा. त्याला ड्रमपर्यंत पोचायला जास्त अंतर जावं लागतं, त्यासाठी जास्त ऑइल लागतं, म्हणून पेडल खोल जातं. पण सगळे शू एकदा टेकले की दाब पुन्हा सगळीकडे सारखाच वाढतो. म्हणजे अ‍ॅडजस्टर ढिला केल्याने त्या बाजूचा जोर कमी होत नाही, फक्त ब्रेक उशिरा लागतो. हळू ब्रेक मारला तर गाडी सुधारल्यासारखी वाटते. जोरात मारला की पुन्हा उजवीकडेच जाते, आणि आता पेडलही खोल गेलेलं असतं. शू आणि ड्रममधलं अंतर योग्य राखणं एवढंच अ‍ॅडजस्टरचं काम. डाव्या-उजव्या जोराचा तोल त्याने साधत नाही.

मग दाब सारखा असूनही जोर कमी-जास्त का होतो? याचं उत्तर ड्रमच्या स्वभावात आहे.

ड्रम ब्रेक म्हणजे पाचर

विलीज एमबी या दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपमध्ये आणि तिच्या वंशातल्या जुन्या, नागरी सीजे जीपमध्ये लॉकहीड पद्धतीचा ब्रेक आहे. ड्रमचा व्यास नऊ इंच. दोन्ही शू खाली एकेका अँकर पिनवर अडकवलेले आणि वर त्यांच्यामध्ये व्हील सिलिंडर. गाडी पुढे जात असताना ड्रमची पुढची बाजू वरून खाली फिरते. पुढच्या शूचं वरचं टोक सिलिंडरने बाहेर ढकललं की फिरणारा ड्रम त्या शूला आपल्याबरोबर खाली ओढू पाहतो. शूचं खालचं टोक पिनवर अडकलेलं असल्यामुळे तो निसटू शकत नाही, उलट ड्रमवर आणखी घट्ट रुततो. लाकडात ठोकलेल्या पाचरेसारखंच हे. याला लीडिंग शू म्हणतात. मागच्या शूचं उलट असतं, ड्रम त्याला आपल्यापासून दूर लोटतो. तो ट्रेलिंग शू. एकाच दाबात लीडिंग शू कितीतरी जास्त काम करतो.

या पाचरेमुळेच बूस्टर (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नसतानाही पायाच्या जोरावर गाडी थांबते. पण तिची दुसरी बाजूही आहे. डाव्या लायनरची (शूवर बसवलेल्या घर्षणाच्या पट्टीची) पकड उजव्यापेक्षा थोडीशी कमी असेल, तर घर्षण कमी, म्हणून रुतणं कमी, आणि रुतणं कमी म्हणून घर्षण पुन्हा कमी. मुळातला छोटा फरक चाकापर्यंत पोचेस्तोवर मोठा झालेला असतो. डिस्क ब्रेकमध्ये ही साखळी नसते, म्हणून त्यांना अशा बारीक फरकाचं फारसं काही वाटत नाही. ड्रम ब्रेकमध्ये डावं आणि उजवं चाक जुळ्या भावंडांसारखं सारखं असावं लागतं. तेच लायनर, तोच व्यास, तसंच सिलिंडर, तशीच स्प्रिंग. पुढे जे काही लिहिलंय ते याच एका गोष्टीसाठी आहे.

लांब चेसिसच्या १०९ इंची सिरीज लँड रोव्हरमध्ये आणि जुन्या, चारही चाकांना ड्रम असलेल्या एफजे-४० लँड क्रूझरमध्ये पुढच्या चाकांना दोन-दोन सिलिंडर असतात आणि तिथले दोन्ही शू लीडिंग असतात. जोर भरपूर, पण डाव्या-उजव्या फरकाबद्दल ही रचना आणखी हळवी. आणि गाडी मागे जाताना दोन्ही शू ट्रेलिंग होतात, म्हणजे चढावर गाडी मागे घरंगळली तर पुढचे ब्रेक कमजोर पडतात. अशी गाडी चालवणाऱ्याने हे आधीच ठाऊक करून घ्यावं.

दोष कुठल्या चाकात आहे?

गाडी उजवीकडे ओढते म्हणजे उजवी बाजू डावीपेक्षा जास्त थांबवतेय, एवढंच कळतं. उजवी जास्त पकडते की डावी कमी, हे त्यातून कळत नाही. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा ओढणारी बाजू निरोगी निघते आणि आजार विरुद्ध बाजूला सापडतो. म्हणून आधी तिकडे बघावं.

पण ड्रम उघडण्याआधी ब्रेक सोडून बाकीचं तपासून घ्या. दोन्ही पुढच्या टायरमधली हवा, टायरचा आकार आणि नक्षीची झीज सारखी आहे का? चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खुळखुळ लागली तर बेअरिंग किंवा किंग पिन सैल आहे. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्ट ढिले असतील तर ब्रेक मारताच अ‍ॅक्सल एका बाजूने किंचित मागे सरकतो आणि गाडी वळते, मग ब्रेक कितीही नीट असोत. पाट्यांचा संबंध किती खोल आहे ते विलीज एमबीवरून कळतं. तिच्या पुढच्या डाव्या पाट्याखाली एक जादा पात वेगळी बसवलेली असते, कारण ब्रेक मारताना अ‍ॅक्सल पिळवटायचा. पुढे कधीतरी कुणी पाटे बदलताना ही पात काढून टाकलेली असेल, तर ओढण्याचं मूळ तिथेही असू शकतं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे असं ओढत असेल तर ब्रेकऐवजी स्टीअरिंगच्या सांध्यांवर संशय घ्यावा.

रस्त्यावरची चाचणी टू-व्हील ड्राइव्हमध्येच करायची. या गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसतं. फोर-व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये (इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीत) एकमेकांना बांधले जातात, आणि मागचा ब्रेक पुढच्या चाकांनाही थांबवू लागतो. मग कुठलं चाक काय करतंय ते उमगत नाही.

मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी चाळीसच्या आसपासच्या वेगातून सात-आठ वेळा मध्यम जोराने ब्रेक मारा आणि थांबून लगेच चारही ड्रमचं तापमान बघा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर तळहात ड्रमजवळ नेऊन धग जोखा, ड्रमला हात लावू नका, भाजतं. तुलना एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्याची करायची, पुढच्या-मागच्याची नाही, कारण पुढचे ड्रम जास्त तापणारच. जे चाक जोडीदारापेक्षा थंड, ते कामचुकार. मग गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि ब्रेक न वापरता दोन-तीन किलोमीटर चालवून गाडी आपोआप थांबू द्या. आता एखादा ड्रम गरम लागला तर तिथे शू घासतोय.

नदी-नाल्यातून गाडी काढल्यावर किंवा रात्रभर दवात उभी राहिल्यावर पहिले दोन-तीन ब्रेक वाकडे लागतात, ते ओलाव्यामुळे. हलक्या पायाने ब्रेक लावत थोडं अंतर गेलं की लायनर सुकतात. तो दोष नव्हे. चिखलातून गेल्यावर मात्र ड्रम उघडून धुवायलाच हवा, कारण आत राहिलेली वाळू ड्रमवर चरे पाडते.

उचलण्याआधी एक गंभीर सूचना

विलीज जीप आणि सिरीज लँड रोव्हर, दोन्हींचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. हँडब्रेक ओढला की शाफ्ट अडतो. पण मागचं एक चाक उचललंत की डिफरन्शियलमुळे ते चाक हवेत उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक सुलटं. म्हणजे हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी घरंगळते, आणि तेव्हा तुम्ही तिच्याखाली असता. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, सपाट जागा, आणि गाडी जॅकवर न ठेवता घोडीवर (अ‍ॅक्सल स्टँडवर). यात सवलत नाही.

विलीजच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, हेही लक्षात ठेवा. बोल्टच्या तोंडावर बऱ्याचदा ‘एल’ हे रोमन अक्षर कोरलेलं असतं. जुना नट सुटत नाही म्हणून पान्याला पाइप लावून नेहमीच्या दिशेने जोर काढला, तर तो आणखी आवळला जातो आणि बोल्ट तुटतो.

ड्रम उघडल्यावर

पहिली गोष्ट, आतली काळी भुकटी फुंकू नका आणि हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी आहे आणि ती धूळ फुप्फुसात कायमची राहते. पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. दुसरी गोष्ट, ड्रम बाहेर असताना पेडलला कुणी हात-पाय लावू नये. सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतील. सिलिंडरला तार गुंडाळून ठेवली की चिंता नाही.

आणि तिसरी, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. एकाच अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम एकाच वेळी काढा.

माझी जीप कित्येक महिने उजवीकडे ओढत होती. डावं चाक थंड राहतंय हे तापमानावरून कळलं होतं. डावा ड्रम मी तीनदा उघडला. लायनर जाड आणि कोरडे, सिलिंडर मोकळा, स्प्रिंगा नव्या. सगळं जागच्या जागी. चौथ्यांदा उजवाही उघडला, दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि ते शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. उजवीकडे पुढच्या शूवरचा लायनर लांब होता आणि मागचा आखूड. डावीकडे पुढचा आखूड, मागचा लांब. आधी कुणीतरी शू बदलताना डावीकडे अदलाबदल केली होती. जिथे पाचर रुतते, जिथे सगळं काम होतं, नेमका तिथेच लायनर तोकडा होता. एका चाकाकडे कितीही टक लावून पाहिलं असतं तरी हे दिसलं नसतं, कारण वेगळं पाहिलं तर ते चाक अगदी व्यवस्थित होतं. शूंची जागा बदलली आणि ओढणं जवळजवळ तिथेच संपलं.

ही चूक होण्याला कारण आहे. लॉकहीडच्या या रचनेत लांब लायनर पुढे. पण बेंडिक्सच्या ड्युओ-सर्व्हो ब्रेकमध्ये, जिथे दोन्ही शू खाली एकमेकांना जोडलेले असतात आणि पुढचा शू मागच्याला ढकलतो, तिथे आखूड लायनर पुढे आणि लांब मागे. ज्याचे हात एका रचनेवर बसलेत, तो दुसऱ्या गाडीवर आपोआप उलटं बसवतो. तुमच्या गाडीत कुठली रचना आहे ते आधी मॅन्युअलमध्ये पाहा.

आता तेलाचं. लायनर ओला किंवा चकाकता दिसला तर पुसून बसवू नका. तेल लायनरच्या आत मुरलेलं असतं. पेट्रोलने धुतलं, उन्हात ठेवलं, आगीवर धरलं, तरी ब्रेक तापले की ते पुन्हा वर येतं. शू बदलायचे आणि दोन्ही चाकांचे बदलायचे. एकाच बाजूला नवे लायनर घातले तर पकडीतला फरक तुम्हीच तयार केलात. तेलाबद्दल आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे लायनर चिंब झाला तर तो घसरतो, पण तेल किंवा ग्रीस जेमतेम लागलं असेल तर तो उलट झटक्याने पकडतो. म्हणूनच आधी ‘बहुतेक वेळा’ म्हटलं. कधीकधी ओढणारी बाजूही आजारी असते.

ते तेल कुठून आलं हे शोधल्याशिवाय नवे शू बसवण्यात अर्थ नाही. ओल्या जागेवरून थोडं तेल काचेवर घ्या आणि त्यावर दोन थेंब पाणी टाका. पाण्यात मिसळून गेलं तर ते ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर गळतोय. पाण्याचे थेंब वेगळे राहिले तर अ‍ॅक्सलचं गिअर ऑइल किंवा हबचं ग्रीस, म्हणजे ऑइल सील गेलंय. गिअर ऑइलचा उग्र गंधकासारखा वासही ते ओळखायला मदत करतो. सील बदलूनही पुन्हा गळत असेल तर अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर बघा. धूळ-चिखलाने हे छोटं भोक बुजलं की अ‍ॅक्सल तापल्यावर आतली हवा फुगते आणि बाहेर पडायला सीलशिवाय वाट उरत नाही. मी एका चाकाचं सील दोनदा बदललं होतं. शेवटी पाच मिनिटांत ब्रीदर साफ केला आणि गळती थांबली.

व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून आत पाहा. ओल दिसली तर वॉशर गेलेत. पिस्टन बोटाने दाबल्यावर सरकायला हवेत. गंजाने एक पिस्टन अडकला असेल तर एकच शू काम करतो. सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर नुसतं वॉशरचं किट टाकून भागत नाही. सिलिंडरचा व्यासही तपासा, कारण बाहेरून सारखे दिसणारे सिलिंडर आतून वेगळे असू शकतात. जोर व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. एका बाजूला एक इंची आणि दुसऱ्या बाजूला सात अष्टमांश इंची सिलिंडर बसला, तर दुसऱ्या बाजूचा जोर सुमारे २३ टक्क्यांनी कमी. हा फरक पाचरेतून आणखी वाढून रस्त्यावर येतो. अंगावर आकडा कोरलेला असेल तर वाचा, नसेल तर कॅलिपरने मोजा.

बॅक प्लेटवर ज्या उंचवट्यांवर शू टेकून सरकतात, तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने खाचा पडतात. शू त्या खाचेत अडकतो, मग उशिरा लागतो किंवा सुटतच नाही. वेल्डिंगने भरून घासून सपाट करा आणि उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर लावा, जास्त नको.

ड्रमचा व्यास आणि शूचा गोल

याकडे सर्वात कमी लक्ष जातं. चरे पडलेला ड्रम लेथवर घासून घेतात आणि तो आतून मोठा होतो. शू मात्र मूळ व्यासाचा असतो. लहान गोलाचा शू मोठ्या गोलात टेकवला तर तो फक्त मध्यभागी टेकतो. वापराने हळूहळू जुळतो खरा, पण तोवर पकड अर्धवट. दोन्ही बाजूंचे ड्रम वेगवेगळे घासलेले असतील तर गाडी ओढणारच. म्हणून ड्रम घासायचे तर जोडीने घासायचे, आणि दोघांच्या व्यासात पाव मिलिमीटरहून जास्त फरक राहू द्यायचा नाही. किती घासायचं याला मर्यादा आहे. अशा ड्रमना साधारणतः मूळ व्यासावर ०.०६० इंच, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर. त्यापलीकडे ड्रम पातळ होतो, तापल्यावर फुगतो आणि चिरतोही. ड्रम लंबगोल झाला असेल तर ब्रेक मारताना पेडल पायाखाली धडधडतं, त्यावरून ओळखता येतो.

शू कुठे टेकतो हे पाहायला साधा खडू पुरतो. लायनरवर खडू फासा, ड्रम चढवा, चाक फिरवताना कुणाला तरी पेडल हलकेच दाबायला सांगा आणि ड्रम पुन्हा काढा. जिथला खडू पुसला तिथे लायनर टेकतोय. मधल्या भागात रुंद पट्टा पुसलेला असेल तर ठीक. फक्त एका टोकाला पुसलेला असेल तर शू वाकडा बसलाय किंवा अँकर पिन चुकलीय. वरच्या टोकाला टेकणारा शू झटके देत पकडतो. लायनर ड्रमच्या मापाला घासून घ्यायचे असतील तर ते धूळ खेचणाऱ्या यंत्रावर करून घ्या. घरी पॉलिश पेपरने कोरडं घासू नका.

ओढत नाही, पण सुटतही नाही

एखादं चाक घासत राहत असेल तर ते उचला आणि फिरवून पाहा. गिअर न्यूट्रलला, फोर-व्हील बंद. पुढच्या चाकात हाफ शाफ्ट आणि डिफरन्शियलचा थोडा जडपणा जाणवतो, त्याला ब्रेक समजू नका. आता ब्लीडिंग निपल (व्हील सिलिंडरवरची हवा काढायची छोटी तोटी) जरा सैल करा. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर आत दाब कोंडलेला होता. काहीच झालं नाही, तर अडचण यांत्रिक आहे, म्हणजे पिस्टन, पिन किंवा स्प्रिंग.

दाब कोंडला असेल तर पहिला संशयित रबरी होज पाइप. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून त्याची वाट केसाएवढी होते किंवा आतलं रबर सुटून झडपेसारखं वागतं. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, स्प्रिंगच्या जोराने मागे येत नाही. पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतःचा होज असतो, म्हणून एका बाजूच्या दोषात तो सापडतो. चारही चाकं एकदम घासत असतील तर मात्र होज सोडा आणि पेडलचा मोकळा खेळ पाहा. विलीजमध्ये तो अर्धा इंच हवा. तो नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र झाकलेलंच राहतं आणि ऑइलला टाकीत परतायला वाट मिळत नाही.

बसवणं आणि अ‍ॅडजस्ट करणं

विलीजच्या ब्रेकला अ‍ॅडजस्टमेंटच्या दोन जागा आहेत. वरचे दोन एक्सेंट्रिक (केंद्र बाजूला सरकलेले) कॅम नेहमीच्या झिजेसाठी. खालच्या अँकर पिनाही एक्सेंट्रिक आहेत, पण त्या फक्त नवे शू किंवा ड्रम बसवल्यावरच हलवायच्या. मापं अशी: शूच्या खालच्या टोकाशी ०.००५ इंच आणि वरच्या टोकाशी ०.००८ इंच अंतर. पहिलं सुमारे ०.१३ मिलिमीटर, दुसरं ०.२०. ड्रमला फट असेल तर फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचं मापक) घालून मोजता येतं. नसेल तर हाताने. चाक पुढच्या दिशेने फिरवत कॅम आवळा, शू घासू लागला की थांबा, मग चाक मोकळं होईस्तोवर जेमतेम मागे घ्या. एका शूचं पूर्ण झाल्यावरच दुसऱ्या शूचं सुरू करा. लँड रोव्हरच्या गोगलगायीच्या आकाराच्या कॅमलाही हीच रीत, फक्त मध्ये दोन-तीनदा पेडल जोरात दाबून शू मध्यावर बसवायचे आणि पुन्हा तपासायचं.

एअर काढण्याआधी अ‍ॅडजस्टमेंट पूर्ण करा. शू ड्रमजवळ असले की पिस्टन कमी सरकतात आणि हवा लवकर निघते. मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. निपल सिलिंडरच्या वरच्या अंगाला आहे ना, तेही पाहा. डावा सिलिंडर चुकून उजवीकडे बसला असेल तर निपल खाली येतं आणि वर अडकलेली हवा कितीही पंप मारले तरी निघत नाही.

डॉट-३ किंवा डॉट-४ ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि पाइप-सिलिंडर आतून गंजतात. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावं. सिलिकॉनचं डॉट-५ यात मिसळू नका. आणि ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइलचा थेंबही जाता कामा नये. खनिज तेलाने वॉशर फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत प्रत्येक रबर बदलावं लागतं. विलीजसारख्या जुन्या गाड्यांना ब्रेकचं एकच सर्किट असतं. कुठेही एक पाइप फुटला तर चारही चाकांचा ब्रेक जातो. पाइप गंजलेला दिसला तर ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणू नका.

गाडी जमिनीवर घेतल्यावर उभ्या जागीच पेडल पूर्ण ताकदीने दाबून अर्धा मिनिट धरा. ते हळूहळू खाली सरकलं तर गळती आहे, रस्त्यावर जाऊ नका. घट्ट राहिलं तर मोकळ्या जागी चालण्याच्या वेगाने पहिला ब्रेक, मग ताशी वीस, मग तीस. नवे लायनर ड्रमशी जुळायला वेळ घेतात. सुरुवातीचे शंभर-दोनशे किलोमीटर मध्यम ब्रेक मारत, मध्ये ड्रम थंड होऊ देत चालवा. या काळात गाडी किंचित ओढली तर लगेच पाना उचलू नका. त्यानंतर कॅम पुन्हा एकदा जुळवून घ्या आणि चारही ड्रमची धग पुन्हा तपासून डाव्या-उजव्याचे आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी गाडीने तोंड वळवलं, तर याच आकड्यांशी ताडून पाहता येईल.